बधिर चट्टा : वर्धा जिल्ह्यातील कुष्ठरोगाचा इतिहास (थ्रेड)

१/ नागपूर-हैदराबाद महामार्गावरील जाम येथून एक वाट हिंगणघाटला जाते, दुसरी वरोऱ्याला. हिंगणघाट हे बाबा आमटे यांचे जन्मगाव (१९१४). वरोऱ्याजवळ त्यांचे आनंदवन. मात्र या परिसरातील कुष्ठसेवेचा आरंभ त्याही आधीचा आहे.

२/ अंगावरचा प्रत्येक चट्टा कुष्ठाचा नसतो. गजकर्णाला खाज सुटते. कोडात रंग जातो, पण स्पर्श कळतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर मात्र संवेदना बहुधा हरपलेली असते. हा भेद न जाणल्यामुळे निव्वळ डागावरूनही माणसे वाळीत पडत.

३/ कुष्ठरोगाचा जिवाणू हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. तरीही १८९८ च्या ब्रिटिश कायद्याने निराधार रुग्णांना पकडून आश्रमांत डांबण्याची मुभा दिली.

४/ १९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम उभारले. १९३९ मध्ये संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केले.

५/ तोवर मुख्य उपाय कडू कवठाच्या तेलाचा. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि प्रश्नच पालटला : रुग्णाला ठेवावे कुठे, याऐवजी रोग लवकर ओळखावा कसा?

६/ याचे उत्तर वर्ध्यातच घडले. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. आर. व्ही. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री आकारास आली. रुग्णाने दारी येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते घरोघरी जाऊन त्वचा तपासू लागले. राष्ट्रीय कार्यक्रमानेही पुढे हीच पद्धत स्वीकारली.

७/ १९८० च्या दशकारंभी बहुविध औषधोपचार देशात प्रथम ज्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत वर्धा होता. रोग पूर्ण बरा होऊ लागला. कायदा मात्र रेंगाळला : १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, तर व्यक्तिगत कायद्यांतील ‘कुष्ठरोग’ हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये वगळले गेले.

८/ आज सरकारी आरोग्य केंद्रांत हे औषध मोफत मिळते. उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी भरून येत नाही, आणि उशीर बहुधा लपवण्यामुळे होतो. म्हणूनच दत्तपूर-सेवाग्रामचा इतिहास जुना झालेला नाही.