एंजिनाचे शक्तिवर्धन, जुन्या मोटारींच्या

जुन्या मोटारगाडीचे झिजलेले एंजिन पूर्णपणे खोलून, त्याचे भाग दुरुस्त करून वा बदलून आणि हवा, इंधन व प्रज्वलन यांचा मेळ नव्याने बसवून मूळच्यापेक्षा अधिक शक्ती मिळविण्याची प्रक्रिया. कारखान्यात एंजिन तयार करताना किंमत, टिकाऊपणा व इंधनखर्च यांचा विचार करून त्याची शक्ती मर्यादित ठेवलेली असते. ही मर्यादा ओलांडण्याच्या प्रयत्नांचा इतिहास अमेरिकेतील फोर्ड व्ही-८ एंजिनाच्या बाबतीत विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

हे एंजिन १९३२ मध्ये प्रचारात आले. त्याची घनता २२१ घ. इंच (सु. ३,६२० घ. सेंमी.) व शक्ती ६५ अश्वशक्ती होती. आठ सिलिंडरांचा ठोकळा एकसंध ओतीव असल्याने ते स्वस्त पडले. झडपा सिलिंडरांच्या बाजूस ठोकळ्यातच बसविलेल्या असल्यामुळे वरचे झाकण सपाट असे. मर्क्युरी मोटारीसाठी १९३९ पासून याचीच २३९ घ. इंचांची आवृत्ती मिळू लागली.

अशा मोटारी काही वर्षांनी जुन्या बाजारात अल्प किंमतीत मिळू लागल्या व बेताची ऐपत असलेल्या तरुणांच्या हाती आल्या. कॅलिफोर्नियातील म्यूरॉक येथील कोरड्या सरोवराच्या विस्तीर्ण, सपाट तळावर ते वेगाच्या चाचण्या घेत. या चाचण्यांना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. एड विनफील्ड, व्हिक एडलब्रॉक यांसारख्या कारागिरांच्या छोट्या कार्यशाळांतून खास कॅम दंड, जादा कार्ब्युरेटर बसविता येतील अशा नळ्या व ॲल्युमिनियमची झाकणे तयार होऊ लागली.

पुनर्बांधणीत प्रथम ठोकळ्यास तडे आहेत काय, हे तपासतात. नंतर सिलिंडर मोठ्या व्यासाचे कातून नवे दट्टे बसवितात. मर्क्युरीच्या १९४९ नंतरच्या भुजादंडामुळे दट्ट्याची धाव ४ इंच होई. सिलिंडराचा व्यास ३ ५/१६ इंच केल्यास घनता सु. २७६ घ. इंच भरे. मात्र केवळ घनता वाढवून भागत नाही. वाढलेल्या हवेसाठी मार्ग रुंद करावे लागतात, झडपा अधिक काळ उघड्या ठेवाव्या लागतात आणि ठिणगीची वेळ पुन्हा जुळवावी लागते.

या एंजिनाचे दोष त्याच्या रचनेतच होते. संपीडन गुणोत्तर वाढविण्यासाठी झाकण घासले, तर झडपेकडून सिलिंडराकडे जाणारी वाट अरुंद होई; ती वाट खोल केली, तर संपीडन घटे. निष्कास वायू ठोकळ्यातून बाहेर पडत असल्याने भोवतालचे पाणी तापे आणि शक्ती वाढविली की हा दोष अधिक जाणवे. त्यामुळे प्रत्येक सुधारणेची किंमत टिकाऊपणात मोजावी लागे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाचा झपाट्याने प्रसार झाला. परंतु सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यतींमुळे त्याची अपकीर्तीही झाली. बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर १९४९ पासून भरणाऱ्या चाचण्या आणि १९५१ मध्ये स्थापन झालेली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन यांमुळे तो सुरक्षित जागी नेण्याच्या प्रयत्नांस बळ मिळाले. १९५० मध्ये बॉनव्हिल येथे मर्क्युरी एंजिनाच्या एका प्रवाहरेखित गाडीने ताशी २०० मैलांचा (सु. ३२० किमी.) टप्पा ओलांडला.

कॅडिलॅक व ओल्डस्मोबिल यांनी १९४९ मध्ये झाकणात झडपा असलेली व्ही-८ एंजिने आणली. अमेरिकेतील फोर्ड मोटारींत जुन्या रचनेचा वापर १९५३ नंतर थांबला. १९५५ च्या शेव्हरोले व्ही-८ मुळे शक्तिवर्धन करणारे बहुतेक कारागीर नव्या रचनेकडे वळले. तथापि एका भागात केलेला बदल इतर सर्व भागांशी जुळवून घ्यावा लागतो, हे तत्त्व या जुन्या एंजिनावर काम करणाऱ्यांनी अनुभवातून आत्मसात केले आणि पुढील काळातील शक्तिवर्धनासही तेच आधारभूत ठरले.