आतड्यातले उघडे दार

महाराष्ट्रात अनेक गावांच्या वेशीवर मरीआईचे ठाणे असते. पटकीची साथ आली की देवीचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचा, ही जुनी रीत. पटकी म्हणजे कॉलरा. धडधाकट माणूस एका दिवसात सुकून जायचा. आणि त्यावरचा उपाय त्याच गावातल्या प्रत्येक चुलीपाशी होता: मीठ, गूळ आणि उकळून गार केलेले पाणी. तो जगाला पटायला १९७१ साल का उजाडावे लागले? मला वाटते, याचे उत्तर औषधांच्या इतिहासापेक्षा लहान आतड्याविषयीच्या आपल्या समजुतीत सापडते.

आधी या आतड्याचे रोजचे काम पाहू. प्यालेले पाणी, लाळ, जठरातला रस, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस असा ८ ते ९ लिटर द्रव दिवसाकाठी लहान आतड्यात उतरतो. शौचावाटे बाहेर पडतो तो फक्त १०० ते २०० मिलिलिटर. बाकीचा आतडी शोषून घेतात आणि त्यातला मोठा वाटा लहान आतड्याचा. त्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे बारीक अंकुर असतात. भाकरीतल्या पिठूळ भागाचे तुकडे स्वादुपिंडाचा रस करतो, पण शेवटचा घाव या अंकुरांच्या पृष्ठभागावरच पडतो. ग्लुकोज सुटे होते ते पेशीच्या अगदी दाराशी.

कॉलऱ्यात हे अस्तरच सोलून निघते, असे एकोणिसाव्या शतकातल्या नामवंत युरोपीय वैद्यकांनी मानले. त्यांचा आधार होता शवविच्छेदन. मृत्यूनंतर आतड्याचे अस्तर आपोआपही सुटते, हे लक्षात घेतले गेले नाही. ज्याची भिंतच पडली त्या आतड्यात पाणी ओतून काय उपयोग? म्हणून तोंड बंद ठेवायचे आणि मिठाचे पाणी शिरेतून द्यायचे. स्कॉटलंडमध्ये थॉमस लट्टा यांनी १८३२ मध्ये तसे दिले होते. शिरेतला उपाय खरा होता, पण त्याला निर्जंतुक बाटल्या, सुया आणि जाणकार हात लागत.

ही समजूत दोन बाजूंनी ढासळली. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना बांधून त्यावर प्रयोग केले आणि १९५९ मध्ये दाखवून दिले की जंतू गाळून काढलेला द्रवही आतड्यात पाणी साठवतो. म्हणजे करणी विषाची. पाठोपाठ बँकॉकमध्ये जिवंत रुग्णांच्या आतड्याचे नमुने तपासले गेले. अस्तर शाबूत होते. विष पेशींना पाणी बाहेर टाकायला लावते, त्यांना मारत नाही.

दुसरा धागा कॉलऱ्याशी संबंध नसलेल्या माणसाच्या हाती होता. साखर पेशीत कशी शिरते, याचा अभ्यास करणारे अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत कल्पना मांडली की ग्लुकोज एकटे आत जात नाही, सोडियमच्या जोडीने जाते. एका ग्लुकोजबरोबर सोडियमचे दोन कण, हा हिशेब पुढे स्पष्ट झाला. सोडियम आत गेले की पाणी मागोमाग जाते. कॉलऱ्याचे विष नेमके हेच दार बंद करत नाही. नुसते मीठ-पाणी वाहून जाते; त्यात साखर मिसळली की शोषले जाते.

कारण कळण्याआधीच उपाय करून पाहणारेही होते. कोलकात्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १८६ रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजल्याचा अनुभव छापला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आत किती गेले आणि बाहेर किती पडले याची मोजदाद नव्हती; वैद्यकविश्वाने लक्ष दिले नाही. रॉबर्ट फिलिप्स यांच्या १९६२ मधील मनिलाच्या प्रयोगात पाच रुग्ण दगावले आणि पाऊल मागे घेतले गेले. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी जेवढे बाहेर पडते तेवढे मोजून पाजले, तेव्हा शिरेतल्या सलाईनची गरज खूपच घटली. तरीही हा उपाय देखरेखीतल्या खाटेपुरताच धरला गेला.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे बंगालच्या सीमेवरच्या बनगावला आले आणि कॉलरा पसरला. सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी दर लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे प्रमाण ठरवले. कोलकात्यात पुड्या बांधल्या गेल्या, पिंपात पाणी कालवले गेले आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांकडे दिले. शिबिरांत आधी ३० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली ३.६ टक्क्यांवर आले.

माझ्या मते बनगावचा खरा शोध हा. मिश्रण आधीच माहीत होते, क्रेन यांनी कारणही सांगितले होते. उरला होता तो विश्वास, आणि तोही दोघांवर ठेवायचा होता: आजारी आतड्यावर आणि पेला धरणाऱ्या अडाणी आईवर. पहिल्याला मोडके ठरवले होते, दुसरीला नालायक. सलाईन पुरेसे असते, तर दोघांचीही परीक्षा झाली नसती. पुढे बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० ते १९९० या काळात १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत गेल्या आणि आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे माप शिकवून आल्या.

महालनोबिस २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण मिळाले ते पुढच्या वर्षी, मरणोत्तर. आपल्याकडे या पाण्याला ‘जलसंजीवनी’ हे नाव रूढ झाले. पुराणातली संजीवनी आणायला अख्खा डोंगर उचलावा लागला होता. ही फडताळातच होती. ती घेणारे दार आतड्यात उघडे आहे, एवढेच कळायचे राहिले होते.