‘व्यसन’, ‘अंमल’ आणि ‘नाद’ : दोषारोपाच्या तीन शब्दांचा इतिहास

कुमारवयीन मुलांच्या संबंधात आज ‘व्यसन’ हा शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींना लावला जातो : मादक पदार्थांचे सेवन, समाजमाध्यमांवर जाणारा वेळ आणि मोबाइलवरील खेळ. या तिन्ही गोष्टींचे स्वरूप भिन्न असता एकच शब्द त्यांना कसा पुरा पडतो, आणि तो शब्द योजताना दोष नेमका कोणाकडे जातो, याचा विचार शब्दांच्या इतिहासाच्या आधारे करता येण्याजोगा आहे.

‘व्यसन’ हा शब्द ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘फेकणे’ या अर्थाचा ‘अस्’ धातू यांपासून सिद्ध झाला आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात त्याची जी व्युत्पत्ती दिली आहे, तीनुसार माणसाला त्याच्या श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, तेथे व्यसन केवळ व्यक्तीला जडत नाही. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र या सातही प्रकृतींची व्यसने सांगितली आहेत. अग्नी, पूर, रोगराई व दुर्भिक्ष यांचाही विचार त्याच अधिकरणात येतो. म्हणजे ‘संकट’ हा या शब्दाचा एक प्रमुख अर्थ होता. मृगया, द्यूत, स्त्री आणि पान ही चार कामज व्यसने पुरुषाच्या संदर्भात येतात खरी; परंतु त्यांचे कारण म्हणून विद्येच्या संस्काराचा अभाव दाखविला आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामज व्यसने दहा व क्रोधज आठ अशी गणना आहे. दोन्ही ग्रंथांत विवेचनाचा रोख प्रामुख्याने राजाकडे आहे, हेही विसरता येत नाही.

मराठीत मात्र ‘संकट’ हा अर्थ मागे पडला आणि वाईट सवयीचा अर्थ तेवढा रूढ राहिला. त्यापासून साधलेले ‘व्यसनी’ हे विशेषण माणसाला चिकटते, आणि मग ते सहसा सुटत नाही. संकटात सापडलेला व वाईट वळणाचा या दोहोंतील अंतर अशा रीतीने एका प्रत्ययाने नाहीसे होते.

‘अंमल’ या शब्दाची कथा निराळी आहे. अरबीत ‘अमल’ म्हणजे कृती, कारभार. तो फारसीच्या द्वारे मराठीत आला आणि येथे त्याला दोन अर्थ लाभले : सत्ता आणि नशा. ‘अंमलदार’, ‘अंमलबजावणी’ हे शब्द पहिल्या अर्थाचे. ‘भांगेचा अंमल चढला’, ‘अमली पदार्थ’ हे प्रयोग दुसऱ्या अर्थाचे. या शब्दात कर्तेपण माणसाकडे नसून पदार्थाकडे आहे. ‘व्यसनाच्या आहारी जाणे’ या वाक्प्रचाराचा उघड अर्थ घेतला तर तेथेही हाच क्रम आढळतो. सेवन करणारा स्वतःच भक्ष्य होतो. ‘नाद लागणे’ या प्रयोगात तर वाक्याचा कर्ता ‘नाद’ हाच असून, ज्याला तो लागतो तो चतुर्थी विभक्तीत येतो.

दोष कोणाचा, हा प्रश्न आधुनिक काळात पदार्थ पुरविणाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचला. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांनी शहरात दारूची दुकाने वाढविण्यास विरोध केला. पिणाऱ्याला उपदेश करण्याबरोबर दुकानाकडेही बोट दाखविणे, हे या विरोधाचे वैशिष्ट्य होय. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात सुधाकराच्या अपमानाच्या क्षणी पहिला पेला पुढे करणारा तळीराम आहे. पिणारा, पेला आणि पाजणारा हे तिघेही तेथे प्रेक्षकांसमोर उभे राहतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकाची परिभाषाही बदलली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ साली ‘ॲडिक्शन’ या शब्दाऐवजी ‘डिपेंडन्स’, म्हणजे अवलंबित्व, ही संज्ञा सुचविली. मादक पदार्थांविषयीच्या १९८५ च्या भारतीय कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली, तेव्हा व्याख्येत हीच संज्ञा आली. अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्यास खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालकास मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची शिक्षा ठरविली. येथे देणारा अपराधी आणि बालक संरक्षणास पात्र, हा भेद स्पष्ट आहे.

खेळांच्या बाबतीत हाच क्रम अधिक वेगाने घडला. खेळाच्या विकाराचा समावेश असलेले रोगवर्गीकरण २०१९ साली संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. स्वतःवरील ताबा ढळणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अग्रक्रम मिळणे आणि हानी दिसत असूनही तो चालू राहणे, ही त्याची लक्षणे असून ती सामान्यतः बारा महिने दिसावी लागतात. केवळ पुष्कळ वेळ खेळणे म्हणजे विकार नव्हे. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तीतही शिक्षेचा रोख खेळणाऱ्याकडे नसून खेळ पुरविणाऱ्या व त्याची जाहिरात करणाऱ्याकडे आहे. अर्थशास्त्रात द्यूत एकाच ठिकाणी अध्यक्षाच्या देखरेखीखाली चालविण्याची आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घेण्याची व्यवस्था सांगितली आहे. खेळविणाऱ्याचा लाभ ही बाब तेव्हाही अज्ञात नव्हती.

समाजमाध्यमांसंबंधी असा शब्दनिर्णय अद्याप झालेला नाही. उपर्युक्त वर्गीकरणात त्यांच्या अतिवापराला स्वतंत्र स्थान नाही. तरीही घरात आणि शाळेत ‘व्यसनी’ हे विशेषण सर्रास योजले जाते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा आत्मसंयम अद्याप घडत असतो. त्या वयात मिळालेले नाव तो स्वतःचे वर्णन म्हणून स्वीकारण्याचा संभव असतो, आणि दोषाच्या भयाने मदत मागण्याचेही टाळतो. कायद्याने व वैद्यकाने आपली परिभाषा बदलली. व्यवहारातील मराठी त्यामानाने मागे राहिली आहे. वस्तुतः ‘संकट’ हा ‘व्यसन’ शब्दाचा जुना अर्थ आणि ‘नाद लागला’ ही वाक्यरचना मराठीच्या परंपरेतच उपलब्ध आहे. पालक व शिक्षक यांनी त्या अर्थाने बोलावयाचे ठरविल्यास नवी संज्ञा घडविण्याची आवश्यकता पडणार नाही.