पाळीव बेडकाला खरा धोका कशाचा? पाण्याचा आणि हातांचा!

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. तो ते त्वचेतून, मुख्यतः पोटाच्या आणि मांड्यांच्या खालच्या बाजूने शोषून घेतो. म्हणजे पेटीतल्या पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या अंगात जातं.

परदेशात ऑस्ट्रेलियन हिरवा वृक्षबेडूक हौसेने पाळतात. साधारण 10 सेंटीमीटरचा हा गोंडस प्राणी नीट सांभाळला तर 15 वर्षंही जगतो. पण नळाचं पाणी तसंच ओतलं तर त्यातलं क्लोरीन त्याला बाधतं. पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. काही शहरांत मात्र क्लोरामाइन वापरतात. ते असं उडत नाही. त्यासाठी फिशटँकच्या दुकानात मिळणारं क्लोरीन काढायचं औषधच लागतं.

हातावरचा साबण, सॅनिटायझर, क्रीम हेही त्वचेतून आत शिरतं. त्यामुळे बेडूक तळहातावर घेऊन रील काढणं त्याला महागात पडू शकतं. उचलावंच लागलं तर बिनपावडरचे, ओले हातमोजे घालावेत.

पेटी उंच, चढायला फांद्या असलेली हवी. दिवसाचं तापमान 24 ते 28 अंश. तळाला बारीक खडे नकोत, गिळले तर आतड्यात अडकतात. खायला कॅल्शियमची पावडर लावलेले रातकिडे, तेही मोजकेच. हा बेडूक भलताच खादाड असतो आणि लवकर लठ्ठ होतो.

कंटाळा आला म्हणून त्याला तळ्यात सोडू नये. त्याच्या अंगावर कायट्रिड बुरशी असेल, तर ती तिथल्या बेडकांना मारू शकते.