फुलांच्या खोऱ्याची पाऊलवाट

शाळेंत इतिहास शिकवीत असतांना क्रमिक पुस्तकांतील एक वाक्प्रयोग मला नेहमीं खटके : 'अमक्या सालीं अमक्यानें अमक्या प्रदेशाचा शोध लावला.' जेथें माणसें पिढ्यान्‌पिढ्या वावरत आलीं, त्या प्रदेशाचा शोध लागतो तो कोणाला? गढवालांतील फुलांच्या खोऱ्याची कथा या दृष्टीनें ऐकण्यासारखी आहे. आणि ती तेथें जाणाऱ्या पाऊलवाटेवरून सांगणें अधिक सोयीचें.

जोशीमठाहून बदरीनाथास जातांना गोविंदघाट लागतो. तेथें अलकनंदा ओलांडली म्हणजे वाट लक्ष्मणगंगेच्या कडेनें चढत चढत सुमारें १० हजार फुटांवरील घांगरिया या वस्तीस पोहोंचते. पूर्वीं ही सारी मजल पायींच होई; आतां पुलना गांवापर्यंत मोटार जाते. घांगरियापुढें वाटेस दोन फांटे फुटतात. उजवा सुमारें १५ हजार फुटांवरील हेमकुंड सरोवराकडे चढतो. त्यावर शीख यात्रेकरूंची रीघ असते. डावा फांटा पुष्पावती नदी ओलांडून एका चिंचोळ्या मुखांतून आंत शिरतो, आणि मग खोरें एकाएकीं मोकळें होतें. बर्फ वितळून पाऊस सुरू झाला कीं आषाढ-श्रावणांत येथें पाऊल ठेवावयास जागा नसावी इतकीं फुलें उमलतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं सुमारें ५२० जातींच्या वनस्पति येथें मोजल्या आहेत.

गंमत अशी कीं, ज्याच्या नांवावर या खोऱ्याचा 'शोध' मोडतो, तो फ्रँक स्माइथ या वाटेनें आलाच नव्हता! ता. २१ जून १९३१ रोजीं त्यानें एरिक शिप्टन, होल्ड्‌सवर्थ व लेवा शेर्पा यांच्यासह कामेत शिखर सर केलें. तोंवर मनुष्यानें जिंकलेलें हें सर्वांत उंच शिखर. परततांना ही मंडळी गमशालीहून भ्यूंडारची खिंड ओलांडून, खराब हवेंतून सुटका करून घेण्यासाठीं खालीं उतरली, तों पुढें फुलेंच फुलें! १९३७ सालीं स्माइथ केवळ फुलांसाठीं पुन्हां आला, बीजें गोळा केलीं, आणि १९३८ सालीं त्याचें पुस्तक निघालें. खोऱ्याचें आजचें नांव त्या पुस्तकानें जगभर नेलें; एवढें श्रेय त्याला निःसंशय द्यावें.

पण खालची वाट कोणाची? भ्यूंडार व पुलना येथील लोक उन्हाळा आला कीं मेंढ्याबकऱ्या घेऊन वरच्या कुरणांवर जात. त्यांच्या पायांनीं ही वाट मळली होती. त्यांनीं पुस्तक लिहिलें नाहीं, एवढाच काय तो फरक.

स्माइथमागून १९३९ सालीं जोन मार्गारेट लेग ही इंग्रज बाई वनस्पति गोळा करण्यास आली. वय ५४. ता. ४ जुलै रोजीं कड्यावरून पाय घसरून ती मृत्यु पावली. तिच्या बहिणीनें बसविलेली स्मृतिशिला खोऱ्यांत आहे, व चालणारे बहुधा तेथवर जाऊन माघारीं फिरतात.

पुढें १९८२ सालीं सुमारें ८७ चौरस किलोमीटरांचें हें खोरें राष्ट्रीय उद्यान झालें आणि २००५ सालीं जागतिक वारशांत गेलें. उद्यान होतांच चराई बंद झाली. फुलें राखावीं हा हेतु उत्तमच. परंतु ज्यांच्या वाटेनें आपण चालतों त्यांनाच त्या वाटेवर बंदी, हें मला तरी न्यायाचें वाटत नाहीं. शिवाय निसर्गानेंहि एक पेंच घातला. पॉलिगोनम नांवाचें पुरुषभर वाढणारें रोपटें माजूं लागलें व त्याच्या सावलींत लहान फुलें गुदमरूं लागलीं. मेंढ्या असत्या तर तें इतकें वाढतें ना, असें कांहीं जाणते म्हणतात; इतर तें मानीत नाहींत. वाद मिटलेला नाहीं.

जून २०१३ च्या महापुरानें गोविंदघाटचा पूल, भ्यूंडार गांवचीं घरें व वाटेचा बराच भाग धुवून नेला. पुढें वाट पुन्हां बांधली गेली. आज दिवसा तिकीट काढून आंत जातां येतें, रात्रीं राहतां येत नाहीं. आणि तें पॉलिगोनम उपटण्यास वनखात्याचे मजूर वर चढतात.