उतरती कळा लागणे

(वाक्प्रचार) भरभराटीला आलेल्या घराण्याचा, पेठेचा, संस्थेचा किंवा राजवटीचा हळूहळू ऱ्हास होऊ लागणे. कळा म्हणजे चंद्राची कला. पौर्णिमा उलटली की ती उतरू लागते. जे कधी चढलेच नाही त्याला उतरती कळा लागत नाही. एका रात्रीत बुडालेल्या सावकारालाही नाही. त्याचे दिवाळे निघते. पैशाने खचलेली संस्था ‘डबघाईला येते’, बंद पडण्याच्या बेतात आली की तिला ‘घरघर लागते’. इंग्रजीतल्या ‘गोइंग टू द डॉग्ज’मध्ये त्रागा असतो, इथे हळहळ.

कळा आपली लागते. लावणारा वाक्यात कुठेच नसतो. ‘कारखान्याला उतरती कळा लागली’ म्हटले की कारभाऱ्यांची नावे घ्यावी लागत नाहीत. पुढाऱ्यांच्या भाषणांत हा वाक्प्रचार वारंवार भेटतो, तो काही उगाच नव्हे.

धाराशिव जिल्ह्यात उतरत्या कळेचे ठळक उदाहरण म्हणजे तेरणाकाठचे तेर. हेच प्राचीन तगर, असे पुराभिलेखतज्ज्ञ जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे (खरी दिशा आग्नेय). इथले जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई. पाँपेई या रोमन नगरात सापडलेल्या मूर्तीशी साम्य असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेरलाही मिळाली, ती याच व्यापाराची खूण. तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता गेली, रोमकडचा व्यापार आटला आणि पेठ ओसरली. नावाचा दबदबा मात्र टिकला: कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार कित्येक शतकांनंतरही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत.

पण ओसरले ते व्यापारी तगर. विटांचे चैत्यगृह त्रिविक्रमाचे मंदिर होऊन उभे राहिले, आणि तेराव्या शतकात संतमंडळी ज्यांना ‘काका’ म्हणत ते गोरोबा कुंभार याच गावचे. तेव्हा ‘तेरला उतरती कळा लागली’ हे विधान पेठेपुरतेच खरे मानावे.