सैन्याने डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, तर अपील कुठं आणि कसं करायचं?

पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून जवान घरी येतो. गुडघा गेलेला असतो, एका कानाने ऐकू येत नाही किंवा बीपीची गोळी कायमची मागे लागलेली असते. मग रेकॉर्ड ऑफिसचं पत्र येतं : तुमचा आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. इंग्रजी आद्याक्षरांवरून या शेऱ्याला ‘नाना’ म्हणतात. बऱ्याच घरांत हे पत्र फाइलला लागतं आणि विषय तिथंच संपतो.

पण हे पत्र म्हणजे शेवटचा निकाल नाही. त्यावर अपील करता येतं. फक्त मुदत सांभाळावी लागते.

पेन्शन मिळण्याच्या अटी काय?

अटी मुख्यतः दोन. दुखापत किंवा आजार लष्करी सेवेमुळे झालेला असावा किंवा सेवेमुळे वाढलेला असावा. आणि मेडिकल बोर्डाने अपंगत्व किमान २० टक्के धरलेलं असावं. बहुतेक वाद पहिल्या अटीवर होतात.

पैशांचा फरक किती पडतो?

१०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम दरमहा मिळते. समजा पगार ४०,००० रुपये होता. २० टक्के अपंगत्वाला २,४०० रुपये होतात. पण ‘ब्रॉड बँडिंग’च्या नियमानुसार ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के धरलं जातं, म्हणजे ६,००० रुपये. हा फायदा नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात २०१४ साली स्पष्ट केलं.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर सेवा सोडलेल्यांसाठी काही निकष वेगळे आहेत, त्यामुळे आधी आपली तारीख बघा.

अपिलाच्या पायऱ्या

१. पहिलं अपील : नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत, रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपील समितीकडे.

२. दुसरं अपील : पहिलं फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांत, वरच्या समितीकडे.

३. सशस्त्र दल न्यायाधिकरण : २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण स्थापन झालं. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा. अपिलाला सहा महिने उत्तरच आलं नाही, तर पुढच्या सहा महिन्यांत थेट इथं येता येतं. वकील देता येतो, स्वतःही बाजू मांडता येते.

४. सर्वोच्च न्यायालय : इथं कायद्याचा सार्वजनिक महत्त्वाचा मुद्दा असावा लागतो.

अपिलात काय लिहायचं?

‘मी देशाची सेवा केली, माझ्यावर अन्याय झाला’ एवढ्याने काम होत नाही. २०१३ चा धर्मवीर सिंह निकाल इथं उपयोगी पडतो. हा जवान १९८५ साली भरती झाला आणि फिट्सच्या आजारामुळे १९९४ साली घरी पाठवला गेला. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरायचं. पुरावा देण्याचं ओझं जवानावर नाही. आजार सेवेमुळे नाही असं बोर्डाला म्हणायचं असेल, तर त्याची कारणं बोर्डाने द्यायची.

म्हणून तीन कागद आधी मिळवा : भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंद, मेडिकल बोर्डाचा पूर्ण अहवाल आणि कुठं किती काळ पोस्टिंग होतं याचा तपशील. मिळत नसतील तर माहिती अधिकारात मागा. मग अपिलात सरळ लिहा : भरतीला मी ठणठणीत होतो, अमुक पोस्टिंगवर अमुक साली त्रास सुरू झाला, आणि बोर्डाने नकाराचं कारण दिलेलं नाही.

कोणती केस अवघड असते?

सुटीवर असताना झालेला अपघात. सुटीच्या काळात जवान नोकरीत असतोच, पण दुखापतीचा लष्करी कामाशी काही संबंध दिसावा लागतो. सुटीतल्या स्कूटर अपघाताच्या जुझार सिंह प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन नाकारली. मात्र मंजूर सुटीसाठी घरी जाताना किंवा ड्युटीवर परतताना, प्रवासात अपघात झाला असेल तर गोष्ट वेगळी. तो प्रवास नियमात ड्युटी धरला जातो. त्यामुळे तिकीट आणि रजेचा दाखला जपून ठेवा.

मुदत उलटून गेली असेल तर?

तरी आशा सोडू नका. उशिराचं पटण्यासारखं कारण असेल, तर न्यायाधिकरण तो माफ करू शकतं. तरसेम सिंह प्रकरणात जवान सुमारे सोळा वर्षांनी कोर्टात गेला होता. पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मानलं. पण थकबाकी साधारण तीन वर्षांपुरतीच देता येईल, असंही सांगितलं. म्हणजे हक्क टिकला, तरी मधल्या वर्षांचे पैसे हातचे जातात.

घरात असं पत्र पडून असेल तर आजच काढा, त्यावरची तारीख बघा आणि आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा.